उत्तर चुकलं, पण कुठं?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



शाळेला आपण काय द्यायचं, याची चर्चा सकाळपासून चालू आहे. बहुतेकांच्या तोंडी टॅब आणि मोठा पडदा आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणून मला बोलायला सांगितलं. माझं म्हणणं एवढंच, की यंत्र शेवटी घेऊ. त्यावर मुलं काय शिकणार आणि ते त्यांना समजलं हे आपल्याला कसं कळणार, ते आधी ठरवू.

2021 साल आठवा. करोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली. नववीच्या निकालाला 50, दहावीच्या वर्षभरातल्या लेखी कामाला 30 आणि तोंडी, प्रात्यक्षिक वगैरेंना 20 गुण धरून निकाल लावला. तो लागला 99.95 टक्के. अकरावीसाठी सीईटी ठरली होती, तीही उच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे त्या मुलांची सगळी भिस्त शाळेच्या मूल्यमापनावर होती आणि शाळा तर मोबाइलवर भरत होती. चाचणी म्हणजे गुगल फॉर्म आणि चार पर्याय. एकाने सोडवली की उत्तरं ग्रुपवर! मुलांना काय दोष द्यायचा? प्रश्नच तसे होते.

पर्यायी प्रश्न वाईट नसतो, पण चुकीचे पर्याय विचार करून द्यावे लागतात. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? उत्तर पाच षष्ठांश. दोन पंचमांश निवडणाऱ्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. एक षष्ठांश निवडणाऱ्याने बहुधा गुणाकार केला. दोघांनाही नुसतं 'चूक' दाखवून काय उपयोग? पहिल्याला छेद समान करण्याचा छोटा धडा तिथेच मिळावा, दुसऱ्याला चिन्ह पुन्हा पाहायला सांगावं. आपले सर वहीवर नुसती फुली मारत नसत. जिथे पायरी चुकली तिथे लाल रेघ ओढत. सॉफ्टवेअरकडून मला तेवढंच हवं आहे.

दुसरी गोष्ट, काही प्रश्न असे हवेत की शेजाऱ्याचं उत्तर चालणारच नाही. 'घरचं वीजबिल घ्या. त्यावरचा मागच्या महिन्यांचा आलेख पाहा. सर्वांत जास्त युनिट कोणत्या महिन्यात आणि का? सरासरी काढा.' आपल्याकडचा मे महिना आणि कूलर, कारण मुलं बरोबर सांगतील. पण आकडे प्रत्येक घरचे वेगळे. केळीच्या बागेत ठिबकच्या एका तोटीखाली दहा मिनिटं पेला ठेवून पाणी मोजायचं आणि दिवसाचा हिशेब मांडायचा. तो कसा केला, हे मुलाने मोबाइलवर दोन मिनिटं बोलून पाठवायचं. ते ऐकलं की बाईंना लगेच कळेल, समजलंय की पाठ केलंय.

शिकवण्याच्या साहित्याचंही तसंच. 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' मालिका लागली. घरातल्या, परिसरातल्या वस्तू घेऊन शिकायचं. टीव्ही पुरत होता, इंटरनेट लागत नव्हतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड दिली आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. दोन्हीकडे सुरुवात मुलाच्या घरात काय आहे, इथून झाली. आपल्याकडेही अनेक घरांत मोबाइल एकच, आणि तो वडिलांबरोबर संध्याकाळी घरी येतो. म्हणून तासाभराचं रेकॉर्डिंग नको. पाच मिनिटांचे व्हिडिओ करू, एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालतील असे. सोबत कागदावरचा एक सराव.

माझी सूचना अशी. आपल्यात कोणी ऑर्डनन्स फॅक्टरीत आहे, कोणी भुसावळला रेल्वेत, कोणी बँकेत, कोणी शेतीत. प्रत्येकाने आपल्या कामातले दोन खरे हिशेब लिहून द्यावेत. त्यांतून आठवीच्या गणिताचा एकच धडा निवडू आणि एक सत्र चालवून पाहू. प्रणाली मी बांधून देईन, पैसे घेणार नाही. पण कोणता प्रश्न ठेवायचा, कोणता काढायचा, हे सर आणि बाईंनीच ठरवावं. मूल कुठं अडतं, हे त्यांच्याइतकं आम्हाला कळत नाही.

सत्र संपल्यावर मुलांच्या चुका कमी झालेल्या दिसल्या, तर टॅबसाठी पहिली वर्गणी माझी.