वाढत्या कण्याचा हिशेब
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शस्त्रक्रियेविषयी बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु बालकांच्या वाकलेल्या कण्याच्या उपचारात एक प्रश्न हिशेबाचाही आहे.

वाढ पूर्ण होत आलेल्या मुलांत धातूच्या सळया व स्क्रू बसवून मणके कायमचे जोडता येतात. चार-पाच वर्षांच्या बालकात तसे केल्यास जोडलेल्या भागाची वाढ तेथेच थांबते, छातीचा पिंजरा आखूड राहतो आणि फुप्फुसांना पुरेशी जागा मिळत नाही. म्हणून लांबविता येणारी सळई बसवितात आणि साधारणतः दर सहा महिन्यांनी पुन्हा छोटी शस्त्रक्रिया करून ती लांबवितात. चुंबकाने बाहेरूनच लांबविता येणाऱ्या सळयाही निघाल्या आहेत. त्यांची किंमत ऐकून मीच दोनदा कोटेशन तपासले होते.

आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, बालकाची वाढ संपत नाही. पहिल्या शस्त्रक्रियेला देणगीदार मिळतो, पावती होते, छायाचित्रही निघते. पाचव्या खेपेला मात्र बाप एकटाच बिलाच्या खिडकीपाशी उभा असतो.

मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. पण तिच्यावर डायलिसिसपासून हृदयरोगापर्यंत साऱ्यांचाच हक्क आहे. यास्तव विनंती की, देणगी एका बालकाच्या सर्व खेपांसाठी, त्याची वाढ पूर्ण होईपर्यंत द्यावी. अर्ज लेखा विभागात ठेवले आहेत.