आमच्या वहीतल्या देशाची भाषा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. पण वर्गात मागच्या बाकावर बसून मी जेवढं बोललो, तेवढंच समोर उभं राहून बोलायला दिलं असतं, तर आज ही वेळ आली नसती. म्हणून सात-आठ मिनिटं झाली तर सांभाळून घ्या.

१९८२ साली आपण आठवीत होतो. तेव्हा मी आणि माझा बाकसोबती, तो समोर तिसऱ्या रांगेत बसून हसतो आहे, आम्ही दोघांनी एक देश तयार केला होता. दोनशे पानी वहीच्या मागच्या बाजूनं. पुढून भूगोल, मागून देश. भूगोलाच्या सरांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही असं आम्हाला वाटायचं. काल सरांनी सांगितलं की त्यांनी ती वही दोनदा वाचली होती.

देशाचा नकाशा होता. मोर्णा नदी आम्ही गंगेएवढी रुंद केली होती. असदगडाला सात दरवाजे दिले होते. उत्तरेला नरनाळा, ती राक्षसांची राजधानी. त्याच्या वर सगळं जंगल, तिथं आम्ही काहीच काढलं नव्हतं, नुसती हिरवी पेन्सिल फिरवली होती. या देशात चार प्रकारचे लोक राहत: राजवाड्यातले, नदीकाठचे, व्यापारी आणि राक्षस. प्रत्येकाची बोली वेगळी हवी असा माझा हट्ट होता. कारण त्याआधी आम्ही ढीगभर ‘चांदोबा’ वाचले होते आणि मला एक गोष्ट खटकायची. चांदोबातला राजा, वेताळ, कोळी, राक्षस, सगळे एकाच पुस्तकी मराठीत बोलत. राक्षस माणूस खायला येतो आणि ‘हे मानवा, तू कोण आहेस?’ असं विचारतो! हे काही खरं वाटेना.

मग आम्ही भाषा वाटल्या. राजवाड्यातल्या लोकांना पाठ्यपुस्तकातली मराठी दिली. व्यापारी थोडं हिंदी, थोडं मराठी बोलत, कापूसबाजारात ऐकलेलं. नदीकाठच्यांसाठी आपली ‘च’ची भाषा. मधल्या सुट्टीत मुली बोलायच्या ती. आणि राक्षसांना काय द्यायचं यावर आम्ही फार विचार केला नाही. राक्षस म्हणाला, ‘कोन व्हय रे तू? इकळे काऊन आला? खाऊन टाकतो तुले!’ आम्ही दोघं पोट धरून हसलो. एकदम जिवंत झाला राक्षस.

ती वही मी घरी आईला वाचून दाखवली. आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली, तेल्हाऱ्याकडची. ती भाकरी थापत होती. हसली. मग म्हणाली, ‘काऊन रे, तुह्या गोष्टीतला राकस आपल्याच घरचा दिसून रायला मले.’ मला वाटलं, ही शाबासकी आहे. मी खूश होऊन पुढचं पान काढलं.

त्याच वर्षी पालकसभेला आई आली होती. दोन तास बसली, एक शब्द बोलली नाही. घरी येताना मी चिडलो, इतरांच्या आया बोलल्या, तू का नाही बोललीस. ती म्हणाली, ‘म्या बोलली असती त लोक हासले असते.’

या दोन गोष्टी एकमेकींना जोडायला मला दहा वर्षं लागली.

त्या वेळी वाटायचं हा खेळ फक्त आम्हीच खेळतो. पुढं कळलं, हे मोठमोठ्या लोकांनी केलंय. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टोल्किन ऑक्सफर्डला भाषांचे प्राध्यापक होते. त्यांनी आधी भाषा रचल्या आणि मग त्या बोलायला लोक हवेत म्हणून देश रचले. त्यांच्या एल्फ लोकांची एक भाषा फिनिश भाषेच्या वळणावर आहे, दुसरी वेल्शच्या. किती देखणं काम! पण १९३७ च्या ‘हॉबिट’मध्ये तीन आडदांड ट्रोल येतात, माणसं खाणारे, आणि ते बोलतात लंडनच्या कष्टकरी वस्तीतलं इंग्रजी. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. म्हटलं, प्रोफेसरसाहेब, तुम्हीसुद्धा? एवढं मात्र सांगायला हवं, की त्याच लेखकानं पुढच्या पुस्तकात गावठी बोलणाऱ्या सॅम नावाच्या माळ्यावर सगळ्या गोष्टीचा भार टाकला. तो नसता तर ती अंगठी डोंगरापर्यंत पोचलीच नसती.

आपल्याकडचं उदाहरण तुमच्या मुलांना विचारा. २०१५ च्या ‘बाहुबली’तले कालकेय. त्यांच्यासाठी मदन कार्की यांनी किलिकी नावाची भाषा बनवली, सुमारे ७५० शब्द आणि ४० नियमांची. ऐकून अंगावर काटा येतो, पण ती कुणाच्या आईची भाषा नाही. या बाबतीत ते आमच्यापेक्षा शहाणे ठरले.

दहावीनंतर मी अमरावतीला शिकायला गेलो. तिथं वसतिगृहात एकानं उद्धव शेळक्यांची ‘धग’ हातात दिली. १९६० ची कादंबरी. तिच्यात कौतिक नावाची बाई आहे, ती संसार ओढते, आणि ती बोलते अगदी माझ्या आईसारखं. मले, तुले, काऊन, सगळं. आणि तिला कुणी हसत नाही. कादंबरी तिच्याच जिवावर उभी आहे. मी रात्री दोनपर्यंत वाचली. कथानकापेक्षा मला छापलेल्या ‘मले’चंच अप्रूप होतं. तेव्हा आमचा राक्षस आठवला आणि भाकरी थापणारी आई आठवली.

मग थोडं शोधायला लागलो, नोकरी सांभाळून, हौस म्हणून. ग्रियर्सनसाहेबांनी १९०५ साली मराठीचा भाषा-सर्वेक्षणाचा खंड काढला त्यात वऱ्हाडीची वेगळी नोंद आहे. आपण ‘ळ’चा ‘य’ करतो, डोळ्याला डोया म्हणतो, ‘तो येईल’च्या ऐवजी ‘तो येईन’ म्हणतो. पेपरात लाल रेघ ओढली जायची ती यावरच. ही चूक नाही, त्या बोलीचा नियम आहे, आणि तो आपण सगळे न शिकवता पाळत होतो. राक्षसाचं एकही वाक्य आम्ही व्याकरणात चुकवलं नव्हतं! राजवाड्यातल्यांची मात्र ढीगभर चुकलीत, सरांनी कालच दाखवली.

अमरावतीहून रिद्धपूर जवळ आहे. तिथं मी एका रविवारी गेलो. म्हाइंभटांनी १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ लिहिलं ते गाव. २०२४ पासून तिथं मराठी भाषा विद्यापीठ आहे. महानुभावांची एक कथा तिथं मनात राहिली. केशोबास हे मोठे पंडित. त्यांनी संस्कृतात लिहायचं म्हटलं तर नागदेवाचार्यांनी नको म्हटलं, कारण मग आपल्या म्हाताऱ्या वंचित राहतील. सातशे वर्षांपूर्वी एक आचार्य म्हाताऱ्यांना कळेल का, हे आधी पाहतो! नंतरच्या काळात त्याच पंथानं आपली मराठी पुस्तकं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्यांना ती वाचता येत नव्हती. म्हणजे बनवलेली अक्षरं, गुप्त वही, सगळं आपल्याच जिल्ह्यांच्या आसपास होऊन गेलं होतं. फरक एवढाच, त्यांनी मराठी लपवली ती पवित्र म्हणून. आम्ही आईची भाषा शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत यायचो.

आता त्या हिरव्या पेन्सिलीबद्दल. नकाशात वर काहीच नव्हतं असं म्हणालो. पण आपल्या वर्गात त्या हिरव्या भागातून आलेला एक मुलगा होता. मेळघाटातला, वसतिगृहात राहायचा. तीन वर्षं आपल्यासोबत बसला आणि त्याची भाषा आपण कुणी एकदाही ऐकली नाही. त्याला ‘च’ची भाषा आपण शिकवली, त्याची विचारली नाही. कोरकू ही मराठीची बोली नाही, ती मुंडा कुळातली आहे. तिची बहीण संथाळी झारखंडात, लांबचे नातलग थेट कंबोडिया-व्हिएतनामात. आणि तिकडे जळगाव जामोदच्या बाजूला निहाली आहे, जेमतेम दोन-अडीच हजार लोकांची, जिचं जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं अजून सिद्ध झालेलं नाही. टोल्किनसाहेबांना जन्मभर खपून असा प्रदेश रचावा लागला. आपल्याला अकोटच्या पुढं एस.टी.नं जाता आलं असतं.

तो मित्र आज आला आहे. त्याला विचारूनच हे बोलतो आहे. काल संध्याकाळी चहावर मी त्याला म्हटलं, तेव्हा आम्ही तुझं जंगल कोरं ठेवलं रे. तो म्हणाला, ‘बरं केलं. तुम्ही भरलं असतं त तिथंही राकसच टाकले असते.’ यावर मला उत्तर सुचलं नाही.

आई २०११ मध्ये गेली. राक्षसाबद्दल मला तिच्याशी बोलायचं होतं, ते राहून गेलं. एकदा विषय काढला होता, तर म्हणाली, ‘कोनता राकस? मले नाई आठवत.’ आठवत होतं की नाही, देव जाणे.

बाकसोबत्यानं ती वही त्रेचाळीस वर्षं जपली, त्याच्या घरच्यांचे आभार. मागच्या टेबलावर ठेवली आहे. काल रात्री आम्ही तिघांनी तिच्यात थोडी दुरुस्ती केली. राजाचं एक भाषण खोडून वऱ्हाडीत लिहिलं आहे. नदीच्या निळ्या रेघेवर, हिरव्या भागात, मेळघाटच्या मित्रानं ‘डा’ असं लिहिलं आहे. कोरकूत पाण्याला डा म्हणतात. बाकीची नावं तो जेवणानंतर घालणार आहे. कागद जुना झालाय, हात धुऊनच चाळा.