तारेवर स्वर उभा कसा राहतो?
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा गोषवारा)



आमच्या घरी आजोबांनी मिरजेहून आणलेला तंबोरा आहे. कित्येक वर्षे तो गवसणीतच होता. मुलांचा रियाझ मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर चालतो. ग्वाल्हेरसारख्या गाण्याच्या गावात याची आम्हाला लाज वाटली. नव्या तारा चढवल्या, तोच आज येथे आणला आहे.

तार छेडली की लाट दोन्हीकडे धावते. खाली घोडी, वर पट्टी. ही टोके हलत नाहीत, म्हणून लाट तिथून उलटी परतते. जाणाऱ्या-येणाऱ्या लाटा एकमेकींत मिसळतात. त्यांतल्या तारेच्या लांबीत नेमक्या बसणाऱ्याच टिकतात. काही बिंदू जागचे हलत नाहीत, ते निस्पंद. त्यांच्यामधला भाग जोरात डोलतो. हीच स्थिर लाट.

आता मधोमध बोट हलकेच टेकवून छेडू. मध्यच निस्पंद झाला, कंपने दुप्पट झाली, वरच्या सप्तकातला षड्ज आला! ताण चौपट केला तरी हिशेबाने हेच होईल; पण तार तुटेल, करू नका.

हे मोबाइलमध्ये ऐकू येते, बोटाला कळत नाही. व्याख्यानानंतर मुलांनी पुढे यावे, तार स्वतः छेडून पाहावी. ज्यांच्या घरी तंबोरा गवसणीत आहे, त्यांनी तो यंदा बाहेर काढावा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!