बिलातली एक ओळ : इंजेक्शन



आपल्यातले काही जण पुण्याला, हैदराबादला मेडिकल कोडिंगचे काम करतात. अमेरिकेतल्या रुग्णांची बिले त्यांच्या हाताखालून जातात. तिथे डॉक्टरने टोचलेल्या बहुतेक औषधांना कोड असतो. सेफ्ट्रायक्झोन घ्या, आपल्याकडे इन्फेक्शनला सर्रास देतात ते. कोड जे०६९६, एक युनिट २५० मिलिग्रॅम. म्हणजे १ ग्रॅम दिले तर ४ युनिट. तिथली बिले स्वस्त असतात असे मुळीच नाही! पण ओळ वाचता येते.

आणि इथे? माझ्या खालाला जिंतूरहून परभणीच्या एका खासगी दवाखान्यात नेले होते. पाच दिवसांच्या बिलात 'इंजेक्शन व औषधे' एवढीच ओळ आणि आकडा १८,४००. मी तपशील मागितला. "भाई, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे," काउंटरवरचा मुलगा म्हणाला. मग छापायला काय हरकत? दुसऱ्या दिवशी यादी मिळाली. एका इंजेक्शनच्या १४ कुप्या लावल्या होत्या, नर्सच्या तक्त्यावर डोस १०. चार कुप्यांचे पैसे परत मिळाले, कुरकुरत का होईना. असे बिल मागणे म्हणजे भांडण नव्हे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या रुग्णहक्क सनदेत तो हक्क लिहिलेला आहे.

किमतीचे मात्र कठीण आहे. सेफ्ट्रायक्झोनसारख्या अत्यावश्यक औषधांची कमाल किंमत एनपीपीए ठरवते, 'फार्मा सही दाम' अ‍ॅपवर ती दिसते. यादीबाहेरच्या औषधांवर कुपीवरची एमआरपीच फुगवलेली असू शकते. २०१८ मध्ये एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या ४ खासगी रुग्णालयांची बिले तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. म्हणून मी आधी नाव आणि नग मोजायला सांगतो, भाव नंतर.

सगळ्यात महत्त्वाचे महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना, रेशनकार्ड कोणत्याही रंगाचे असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. इथे उपचाराच्या पॅकेजला कोड आणि दर असतो. तपासण्या, औषधे, इंजेक्शन त्यातच धरलेली असतात. पॅकेज मंजूर झाल्यावर "हे इंजेक्शन बाहेरून आणा" म्हणून कोणी चिठ्ठी दिली, तर मेडिकलकडे पळू नका. आधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला चिठ्ठी दाखवा. तो जागेवर नसेल तर १५५३८८.

नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाका. कुणी घरचे बिल आणले असेल तर पुढे या, इथेच बसून वाचू.