घोरपडीचा पाळणा

मुंबईतल्या परळच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्टट्यूब बाळ जन्माला आलं. मग पिंजऱ्यातल्या घोरपडीवर असे उपचार का करू नयेत?

पहिली अडचण अगदी साधी. घोरपडीत नर कोण, मादी कोण, हे वरून धड कळत नाही. ‘जोडी’ म्हणून ठेवावी आणि दोन्ही नर निघावेत! त्यामुळे उपचाराची सुरुवात सोनोग्राफीपासून. त्यातच मादीची अंडी पिकत आली का, तेही दिसतं. घोरपडीच्या अंड्यावर कवच आईच्या पोटातच चढतं, म्हणून फलन त्याआधी व्हावं लागतं. परीक्षानळीपेक्षा कृत्रिम रेतन सोयीचं, ते यामुळे. हैदराबादच्या ‘लॅकोन्स’ प्रयोगशाळेनं याच मार्गानं २००६ मध्ये चितळाचं पाडस जन्माला घातलं. सरपटणाऱ्यांत मात्र हे काम अजून बाल्यावस्थेत आहे.

निसर्ग कधी डॉक्टरलाही मागे टाकतो. इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयातल्या फ्लोरा या कोमोडो घोरपडीनं नराशिवायच, फलनाविना, पिल्लं वाढणारी अंडी घातली. हे २००६ मध्ये जाहीर झालं. अशी पिल्लं सगळी नरच निघतात.

आपल्याकडे घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरी पाळणं गुन्हा. तरीही ‘हाथाजोडी’ नावाची भाग्याची मुळी विकली जाते. ती मुळी नव्हे, नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. कुणी देऊ केली, तर वनखात्याला कळवा.