ढोलावरची बंदी आणि हलगीची सक्ती
(दम्माम येथे भीमजयंतीनिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



डॉक्टरने आरोग्यावर बोलावे, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. तरीही आज मी जॅझ संगीतावर बोलणार आहे. त्याला कारण घरगुती आहे. गेल्या रजेत गावी गेलो असता माझ्या कन्येने हलगी विकत घेतली. ती पाहताच माझे वडील खिन्न झाले. आमच्या आजोबांना गावकीचे काम म्हणून हलगी वाजवावी लागे. १९५६ च्या धर्मांतरानंतर त्यांनी ती कायमची टाकून दिली. “जे टाकले ते पुन्हा घरात कशाला?” वडिलांच्या या प्रश्नाचे उत्तर मी जॅझच्या इतिहासात शोधले.

१७३९ मध्ये साउथ कॅरोलिनातील स्टोनो नदीकाठी गुलामांनी ढोल वाजवीत बंड केले. पुढच्याच वर्षी कायद्याने त्यांच्या ढोलावर बंदी आली. न्यू ऑर्लिन्समधील काँगो स्क्वेअरच्या मैदानात मात्र रविवारी गुलामांना वाद्ये वाजविण्याची मुभा होती. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. पुढे लष्करी बँडची पितळी वाद्ये, मळ्यांवरील श्रमगीते, चर्चमधील प्रार्थना आणि आफ्रिकी ताल यांचा संगम होऊन १९०० च्या सुमारास जॅझ आकारास आले. १९३९ मध्ये बिली हॉलिडे यांनी ‘स्ट्रेंज फ्रूट’ गाऊन झुंडबळींचे भीषण वास्तव श्रोत्यांपुढे मांडले. १९५७ मध्ये लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत अडविले गेले, तेव्हा लुई आर्मस्ट्राँग यांनी सरकारचा जाहीर निषेध करून सोव्हिएत रशियाचा सरकारी दौरा नाकारला.

हा प्रवाह आपल्या मुंबईतही आला. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबे यांचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. गोव्याच्या वादकांनी ही कला आत्मसात केली व पुढे हिंदी चित्रपटसंगीतात नेली. त्याच दशकात भीमराव कर्डकांचे जलसे वस्त्यावस्त्यांत रात्र जागवीत होते. ढोलकी आणि तुणतुणे तमाशाचेच, परंतु शब्द शिक्षणाचे व स्वाभिमानाचे! ताजमधले वादक आणि वस्तीतले शाहीर एकमेकांना ओळखत नसतील. पण दोघांचे दुःख एका जातकुळीचे होते. बाबासाहेबांनी ते ओळखले होते. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढील त्यांच्या निवेदनाच्या प्रती मागविल्या होत्या.

आपण राहतो त्या सौदी अरेबियातही गुलामगिरी १९६२ मध्येच रद्द झाली. आखाताच्या किनाऱ्यावरील ‘लेवा’ नृत्यात आफ्रिकेचा ठेका आजही ऐकू येतो.

मित्रहो, तेथे ढोल वाजविण्यास बंदी होती. येथे हलगी वाजविण्याची सक्ती होती. बंदी झुगारणे हे त्यांचे बंड, तर सक्ती झुगारणे हे आपले. म्हणून हलगी टाकणारे आजोबा चुकले नाहीत आणि त्या अपमानाची आठवण ठेवणारे वडीलही चुकले नाहीत. मात्र दोष चामड्याचा नव्हता, सक्तीचा होता. हलगी खाली ठेवण्याचे स्वातंत्र्य आजोबांनी मिळविले, म्हणूनच ती स्वेच्छेने उचलण्याचे स्वातंत्र्य त्यांच्या पणतीला लाभले आहे.

हे मी वडिलांना दूरध्वनीवरून सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, “वाजवू दे. पण कोणी बोलावले म्हणून नको, तिला वाटले तर.”

याहून नेमके मला सांगता येणार नाही. जयभीम!