पगार किती नव्हे, हातात किती
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



पोरगं पदवीधर झालं, मुंबईची एक आणि पुण्याची एक अशा दोन नोकऱ्या चालून आल्या, की घरात पहिला प्रश्न निघतो : पगार कुठे जास्त? कापसाच्या भावाला आपण असं भुलत नाही. बियाणं, खत, फवारणी, वेचणी, गाडीभाडं वजा करून क्विंटलमागे उरलं काय, ते बघतो. पोराच्या पगाराला मात्र हा हिशेब लावत नाही.

आधी आकडा सोलून बघा. समजा, कंपनीनं वर्षाला 3 लाख 60 हजारांचं पॅकेज सांगितलं. आपण म्हणतो, महिना 30 हजार. पण कंपनीनं भरायचा भविष्य निर्वाह निधी बहुधा त्यातच धरलेला असतो, ग्रॅच्युइटीही. मग पोराच्या वाट्याचा निधी कापतात; 15 हजार मूळ पगारावर 12 टक्के, म्हणजे 1,800 रुपये. वर व्यवसाय कर महिना 200, फेब्रुवारीत 300. हातात पडतात साडेपंचवीस हजारांच्या आसपास. निधी बुडत नाही, पण त्यातून खोलीचं भाडं देता येत नाही.

आता शहर बघा. मुंबईत भाडं जबर, म्हणून पोरं बदलापूर, विरार, पनवेलकडे राहतात. लोकलचा पास स्वस्त, पण दिवसाचे तीन-चार तास गाडीत जातात. पुण्यात खोली त्या मानानं स्वस्त. पण हिंजवडीकडे कामाला जायचं तर बरेच जण मोटारसायकल घेतात. मग हप्ता, पेट्रोल, दुरुस्ती. मुंबईचा खर्च भाड्यात दिसतो, पुण्याचा गाडीत लपतो.

सरकारला हा फरक कळतो. सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबानं जानेवारी 2024 पासून केंद्राच्या नोकरांचा घरभाडे भत्ता मुंबई-पुण्यात मूळ पगाराच्या 30 टक्के झाला, नागपूर, अमरावती, नांदेडात 20 आणि लहान गावांत 10. खाजगी नोकरीतल्या पोराला अशी हमी नाही. त्याचा हिशेब त्यालाच करावा लागतो.

आणि पहिला पगार महिना भरल्यावर. त्याआधी अनामत, दलाली, आगाऊ भाडं, खानावळ. हा पैसा जातो घरातून. माझ्या पुतण्याच्या वेळी आम्ही ओला कापूस मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला घातला. तो घाटा पोराच्या पगाराच्या आकड्यात कुणाला दिसला नाही, पण सोसला घरानंच.

म्हणून होकार देण्याआधी पोराला तीन गोष्टी विचारायला सांगा. हातात किती येणार? काम शहराच्या कोणत्या टोकाला? पहिले दोन महिने कशावर काढणार? एका कागदावर दोन्ही शहरांचे रकाने शेजारी-शेजारी आखा. पाच हजार कमी पगाराच्या नोकरीत जास्त उरत असेल, तर भावकी काय म्हणेल याची फिकीर करू नका.

ज्यांची लेकरं शहरात आहेत, त्यांनी मेळावा उठण्याआधी भाड्याचे आणि खानावळीचे खरे आकडे इथे सांगावेत. पुढच्या घराचा कापूस तरी वाचेल.